बाटलीत मद्यार्क कशाचा, ते समोर लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

प्रत : मा. आयुक्त, राज्य उत्पादन शुल्क, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : व्हिस्कीच्या बाटलीवर मद्यार्काचं मूळ, माल्टचं प्रमाण आणि मुरवणीचा काळ छापण्याबाबत

महोदय,

दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलं, तर त्या पदार्थाला आइस्क्रीम म्हणता येत नाही. 'फ्रोझन डेझर्ट' असं छापावं लागतं. नियम तुमचाच, आणि चांगला आहे. शाळकरी पोराच्या हातातल्या कोनला जो न्याय लागतो तो त्याच्या बापाच्या पव्व्याला का लागत नाही, एवढं विचारायला हे पत्र लिहितोय.

आपल्याकडे उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क (अल्कोहोल), त्यात चवीपुरतं माल्ट (मोड आलेल्या जवाचा अर्क), पाणी आणि कॅरॅमल एवढं एकत्र केलं की बाटलीवर 'व्हिस्की' लिहिता येतं. मद्यार्क मळीचा की धान्याचा, माल्ट किती, ते लाकडी पिंपात किती दिवस होतं, हे दर्शनी बाजूला छापायची सक्ती नाही. ज्याच्याकडे मिरवण्यासारखं असतं तो मिरवतो : धान्याचा मद्यार्क, स्कॉच माल्ट वगैरे. ज्याच्याकडे नसतं तो गप्प बसतो आणि सोनेरी अक्षरांवर भागवतो.

मी नागपूरचा. इथल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून (एलआयटी) केमिकल करून बाहेर पडलो आणि नोकरीची सगळी वर्षं आसवन्यांच्या (डिस्टिलरींच्या) प्रयोगशाळांत काढली. कारखान्यांची नावं लिहीत नाही, कारण कोणा एकाविरुद्ध तक्रार नाही. जे चालतं ते नियमात बसूनच चालतं. तक्रार नियमाबद्दल आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दारू चांगली की वाईट हा या पत्राचा विषय नाही. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींची कर्मभूमी म्हणून कित्येक दशकं दारूबंदीत आहे, गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, चंद्रपूरची 2015 साली लागली आणि 2021 साली उठली. विदर्भात या विषयावर मतांची टंचाई कधीच नव्हती. पण सरकार परवाना देतं, शुल्क घेतं, बाटलीवर आरोग्याचा इशारा छापायला लावतं. मग आत काय आहे तेही छापून घ्यावं. बंदीवाल्याचंही त्यात काही नुकसान नाही.

आता व्हिस्की होते कशी, ते थोडं सविस्तर. मानकं ठरवणाऱ्यांना हे माहीत असणारच, पण पत्र खुलं आहे आणि ज्याच्यासाठी ते लिहितोय त्याला कोणी कधी हे सांगितलेलं नाही.

जव पाण्यात भिजवतात आणि पसरून चार-पाच दिवस मोड येऊ देतात. मोड येताना दाण्यात डायस्टेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. दाण्यातल्या स्टार्चची साखर करण्याचं काम त्याचं. मोड पुरेसे आले की भट्टीत वाळवून वाढ थांबवायची. याच वेळी खाली पीट, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींचं इंधन, जाळलं तर धुराचा वास दाण्यात बसतो. हे झालं माल्ट. ते भरडून साधारण 64 अंशांच्या गरम पाण्यात कालवलं की गोड पाणी सुटतं. ते गाळून, थंड करून यीस्ट घालायचं. दोन-चार दिवसांत सात-आठ टक्के अल्कोहोलचा वॉश तयार. इथपर्यंत हा बिअरचाच भाऊ, फक्त बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं नाहीत.

वॉश पॉट स्टिल नावाच्या तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून वाफेचा अर्क धरतात. पहिल्या वेळी वीस-पंचवीस टक्क्यांचा अर्क मिळतो. दुसऱ्या वेळी खरी कसोटी. सुरुवातीला येतं ते तीव्र, डोळ्यांत झोंबणारं. ते बाजूला काढतात. शेवटी येतं ते जड, तेलकट, ओल्या पुठ्ठ्यासारख्या वासाचं, तेही बाजूला. मधला भाग ठेवायचा. कुठे कापायचं हे हायड्रोमीटर सांगतो, पण शेवटचा शब्द नाकाचा असतो. आणि तांबं शोभेला नसतं. वाफेतली गंधकाची संयुगं ते धरून ठेवतं. स्टीलच्या भांड्यात तोच अर्क काढला तर कोबी शिजल्यागत वास मारतो.

हा अर्क पाण्यासारखा निर्मळ असतो. रंग नाही, व्हॅनिलाचा गंध नाही. साधारण 63 टक्क्यांवर आणून तो ओकच्या पिंपात भरतात आणि मग लाकूड कामाला लागतं. आतून जाळलेल्या पिंपाचा कोळसा उरलासुरला उग्रपणा शोषतो, लाकडातल्या लिग्निनमधून व्हॅनिलिन उतरतं, लॅक्टोनमधून खोबऱ्याचा वास येतो. पिंपातून काढलेल्या व्हिस्कीचा रंग म्हणजे लाकडात काढलेल्या काळाची पावती.

दुसरा रस्ता कॉलमचा. 1830 साली इनियस कॉफी या आयरिश गृहस्थानं सलग चालणाऱ्या उभ्या स्तंभाचं पेटंट घेतलं. आयुक्तसाहेब, हा कॉफी तुमच्याच खात्यातला. आयर्लंडच्या अबकारी विभागात मोठ्या हुद्द्यावर होता. आयुष्यभर भट्ट्या पकडल्या आणि नोकरी सोडल्यावर सगळ्या भट्ट्यांची आई जन्माला घातली. एका बाजूनं वॉश जातो, खालून वाफ येते, वरून मद्यार्क निघतो, दिवसरात्र. स्तंभ जितका उंच तितका मद्यार्क शुद्ध. आणि इथेच सगळं पाणी मुरतं, कारण मद्यार्क जितका शुद्ध तितकी कच्च्या मालाची ओळख पुसलेली. म्हणून स्कॉचचा कायदा म्हणतो की ऊर्ध्वपातन 94.8 टक्क्यांच्या आतच थांबवा, धान्याची चव उरली पाहिजे. अमेरिकेत बोर्बनला, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीला, तर 80 टक्क्यांची मर्यादा.

आपल्याकडचा एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, म्हणजे ईएनए, 96 टक्क्यांचा. त्याला चव नसावी हाच त्याचा दर्जा. टँकर आला की आम्ही नमुना घ्यायचो, त्यात परमँगनेटचे थेंब टाकायचो आणि गुलाबी रंग किती मिनिटं टिकतो ते बघायचो. जितका वेळ टिकेल तितका माल स्वच्छ. मग थोडा तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात चोळायचे आणि ओंजळीत नाक घालायचं. अल्कोहोल उडून गेल्यावर जे मागं राहतं ते मूळ. मळीच्या मालात कधी कधी जळक्या गुळाची अगदी पुसट छटा सापडते, धान्याच्या मालात किंचित साईसारखा मऊपणा. पण प्लांट नीट चालवला असेल तर काहीही सापडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पुढचं काम ब्लेंडिंग हॉलमध्ये. टाकीत ईएनए, त्यात क्षार काढलेलं पाणी, मग ड्रममधलं माल्ट स्पिरिट, कॅरॅमल, परवानगी असलेले स्वाद. ढवळायचं, तीव्रता 42.8 टक्क्यांवर आणायची (इंग्रजांच्या तीव्रता मोजायच्या जुन्या मापातल्या 75 प्रूफचा हा वारसा अजून आपल्या मानगुटीवर आहे), थोडं स्थिरावू द्यायचं, गाळायचं, बाटलीत भरायचं. आठवड्याच्या सुरुवातीला टँकरमधून उतरलेला माल आठवडा संपायच्या आत 'व्हिस्की' होऊन ट्रकवर चढतो. जो रंग स्कॉटलंडात पिंप देतं तो इथे मगभर कॅरॅमल देतं. कॅरॅमल स्कॉचमध्येही चालतं, हेही सांगायला हवं. पण तिथे ते पिंपातल्या रंगाचं थोडंफार अंतर भरून काढायला, इथे बहुतेक सगळा रंगच त्याचा.

उद्योगातले माझे जुने सहकारी म्हणतील, अरे, 96 टक्क्यांवर मळीचा काय आणि धान्याचा काय, रेणू एकच. मान्य. पण मग हा युक्तिवाद शेवटपर्यंत न्या. मद्यार्काला जर कशाचीच चव नाही, तर बाटलीतलं व्हिस्कीपण फक्त त्या ड्रममधल्या माल्टमध्ये आहे. मग ते किती आहे ते सांगा. मद्यार्कही व्हिस्की आणि माल्टही गुपित, असं दोन्हीकडून चालणार नाही.

हा वाद नवा नाही. लंडनच्या इस्लिंग्टन भागात 1905 साली तिथल्या स्थानिक संस्थेनं दारू विकणाऱ्यांवर खटले भरले. आरोप असा की कॉलममधला स्वस्त मद्यार्क हे लोक व्हिस्की म्हणून खपवतात. मॅजिस्ट्रेटनं विक्रेत्यांना दोषी धरलं, अपिलात निकालच लागेना, शेवटी 1908 मध्ये रॉयल कमिशन बसलं आणि 1909 मध्ये त्यानं कॉलमवाल्यांच्या बाजूनं कौल दिला. पॉट असो की कॉलम, दोन्ही व्हिस्की. पॉटवाले हरले. पण आयोगानं एक गोष्ट सोडली नाही : कच्चा माल धान्यच हवा आणि त्याची साखर माल्टनं केलेली हवी. त्याच वर्षी अमेरिकेत अध्यक्ष टाफ्ट यांच्यापुढे हाच प्रश्न आला. त्यांनी मधला मार्ग काढला. धान्यापासूनच्या न्यूट्रल स्पिरिटलाही व्हिस्की म्हणा, पण ती सरळ व्हिस्की आहे की न्यूट्रल स्पिरिटपासून केलेली आहे ते लेबलवर लिहा. शंभर वर्षांहून जुना तोडगा आहे. मी तुमच्याकडे याहून फारसं वेगळं काही मागत नाही.

इतर देशांचं थोडक्यात. स्कॉटलंडच्या 2009 च्या नियमांत पाच प्रकार आहेत : सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन आणि ब्लेंडेड. पाचही धान्याचे, पाचही 700 लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेले, किमान 40 टक्क्यांचे. बोर्बनमध्ये निदान 51 टक्के मका आणि आतून जाळलेलं कोरं पिंप. जपानात 2021 पर्यंत कारभार ढिला होता. बाहेरची व्हिस्की आणून जपानी म्हणून विकली जायची. जगभर नाव झाल्यावर तिथल्या उत्पादकांच्या संघटनेनं स्वतःच नियम घालून घेतले. युरोपात मळीच्या मद्यार्काची बाटली व्हिस्की या नावानं विकताच येत नाही. म्हणजे आपलेच काही ब्रँड इथे व्हिस्की असतात आणि विमानातून उतरले की नसतात.

आपल्याकडे आधी व्हिस्कीसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 4449 हे मानक होतं. मग तुम्ही 2018 मध्ये मद्यपेयांची मानकं अधिसूचित केली आणि ती 1 एप्रिल 2019 पासून लागू झाली. काम मोठं होतं आणि बऱ्याच अंशी चांगलं झालं. मिथेनॉल, जड धातू यांच्या मर्यादा आल्या, इशारा आला. 2023 च्या दुरुस्तीत सिंगल माल्टची व्याख्या आली : फक्त मोड आलेल्या जवापासून, पॉट स्टिलमध्ये, एकाच आसवनीत. त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पण नुसत्या 'व्हिस्की'च्या व्याख्येचं दार उघडंच राहिलं. धान्याच्या अर्काच्या रांगेत न्यूट्रल स्पिरिटही येऊन बसतो, आणि सगळ्यांना मुरवण्याची अट नाही. सिंगल माल्ट पिणारे मूठभर. जगात सगळ्यात जास्त व्हिस्की आपल्या देशात खपते म्हणतात, तो खप या उघड्या दारातून होतो. कायद्याचं कुंपण बंगल्याला घातलं आणि वस्ती मोकळी ठेवली.

ग्राहकाला फरक पडत नाही, हे दुसरं उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं. परवा आमच्या भागातल्या वाईन शॉपवाल्याला मी सहज विचारलं, कोणी विचारतं का रे, मळीची की धान्याची? तो हसला. म्हणाला, "काका, ग्रेन काय आन् मळी काय, सकाळी डोकं दोन्हीनं धरते." गल्ल्यावर बसलेला माणूस आहे, त्याचं बरोबर आहे. पण लेबलवर जे छापलेलंच नाही त्याबद्दल ग्राहक विचारणार काय?

उलट देशी पिणारा फसत नाही. विदर्भात 'संत्रा' मागणाऱ्या माणसाला त्यात काटोल-वरूडचा संत्रा पिळलाय असा भ्रम कधीच नसतो. स्वाद आहे, स्पिरिट आहे, किंमत माहीत आहे, व्यवहार रोखठोक. मोहाची काढणाराही, कायद्यात बसो न बसो, कशाची आहे ते लपवत नाही. लपवाछपवी सुरू होते ती एक पायरी वर, जिथे माणूस देशीतून 'इंग्लिश'मध्ये आलो म्हणून दुप्पट-अडीचपट पैसे मोजतो. महाराष्ट्रात जून 2025 च्या निर्णयानुसार 180 मिलीची किमान किंमत देशीला 80 रुपये आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला 205 रुपये. मधल्या 125 रुपयांत शुल्कही आहे, जाहिरातही आहे आणि एक समजूतही आहे, की आपण आता वेगळ्या जातीचं काही पितोय. जातीत किती फरक आहे ते त्याला कळू द्या.

सर्वोच्च न्यायालयात 2008 साली खोडे डिस्टिलरीज विरुद्ध स्कॉच व्हिस्की असोसिएशन हा खटला निकाली निघाला; खोडे आपल्या व्हिस्कीला 'पीटर स्कॉट' नाव देतात, त्यावरून वाद होता. असोसिएशननं फार उशिरा हालचाल केली, या मुख्य कारणानं खोडे जिंकले. पण निकालात एक विचार असाही होता, की ज्या मालाचा खरेदीदार शिकला-सवरलेला आणि पैसेवाला आहे तो नावानं सहज फसत नाही. गरीब, निरक्षर ग्राहकाच्या मालाला कसोटी वेगळी. ठीक. मग वेगळी कसोटी लावायची वेळ इथे आली आहे. हिंगणा एमआयडीसीतून शिफ्ट सुटल्यावर पव्वा घेणारा माणूस ग्लासगोच्या नियमांची पुस्तकं वाचून येत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं त्याला मालाचा दर्जा, प्रमाण, तीव्रता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. तीव्रता आणि किंमत छापता. बाकीचं?

आता अंमलबजावणीचा प्रश्न, कारण तुमच्या कार्यालयातून पहिली शंका तीच येणार : मळी की धान्य हे तपासणार कसं? प्रयोगशाळेत अर्धं उत्तर मिळतं. ऊस हवेतला कार्बन एका पद्धतीनं घेतो, जव, गहू आणि तांदूळ दुसऱ्या. त्यामुळे मद्यार्कातल्या कार्बन-13 चं प्रमाण मोजलं तर मळीचा माल जवाच्या किंवा तांदळाच्या मालापासून वेगळा ओळखू येतो. अडचण अशी की मका आणि ज्वारीही उसाच्याच गटात मोडतात, आणि आपल्याकडे धान्याचा मद्यार्क मक्याचाही मोठ्या प्रमाणावर होतो. तिथे यंत्र हात टेकतं.

पण यंत्राची गरजच नाही. आसवनीच्या फाटकातून मद्यार्काचा एक टँकरही राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कागदाशिवाय हलत नाही. कुठून निघाला, कशापासून केलेला, किती लिटर, कोणाकडे गेला, सगळी नोंद असते. मी त्या नोंदवह्यांवर सह्या केल्या आहेत. माहिती सरकारकडे आहे, कारखान्याकडे आहे, घाऊक व्यापाऱ्याला विचारलं तर तोही सांगेल. फक्त पैसे देणाऱ्याला नाही.

आणि महाराष्ट्रानं तर हे करून दाखवलंय. याच जून 2025 च्या निर्णयात 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग काढला : राज्यातल्या उत्पादकांचं, धान्याधारित, 180 मिलीला किमान 148 रुपये. धान्याधारित ही त्या वर्गाची अटच आहे. ही अट जर तपासता येते, तिच्यावरून शुल्क आणि किंमत ठरवता येते, तर मद्यार्काचं मूळ कळत नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आयुक्तसाहेब, दिल्लीला हे तुम्हीच कळवलं तर माझ्या पत्रापेक्षा लवकर काम होईल.

मुरवणीबद्दल माझं मत काही मित्रांना पटणार नाही. स्कॉटलंडसारखा तीन वर्षांचा नियम आपण जसाच्या तसा उचलू नये. एक तर त्या नियमाचा जन्म चवीतून झालेला नाही. पहिल्या महायुद्धात कामगार दारूपायी कामावर येत नाहीत म्हणून ब्रिटनचे मंत्री लॉइड जॉर्ज यांना दारूवर लगाम घालायचा होता. त्या ओढाताणीतून 1915 चा कायदा आला, आधी दोन वर्षं, लगेच पुढे तीन. दुसरं म्हणजे हवा. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल उडून जातो, बंगळुरात दहा टक्क्यांच्या पुढे. उष्णतेनं लाकूड आणि अर्क यांची देवाणघेवाण भराभर होते. 2004 साली बंगळुरातल्या अमृत या आसवनीनं आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. तिथल्यापेक्षा कितीतरी कमी वर्षांची ती व्हिस्की जगभरच्या परीक्षकांनी पुढे डोक्यावर घेतली.

आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हवा इतकी कोरडी की धुतलेला शर्ट कूलरच्या टाकीत पाणी भरेपर्यंत वाळतो. अशा गोदामात पिंप ठेवलं तर अल्कोहोलआधी पाणीच उडेल आणि तीव्रता खाली येण्याऐवजी चढेल. स्कॉटलंडच्या दमट गोदामात उलटं होतं. तीन वर्षांत इथे पिंपात माल किती उरेल आणि लाकडाचा कडवटपणा किती उतरलेला असेल, देव जाणे. म्हणून वर्षांची सक्ती नको. महिने छापा. 'ओकमध्ये 14 महिने', 'ओकमध्ये 0 महिने'. मिश्रण असेल तर सगळ्यात कोवळ्या मालाचं वय. शून्य छापायला लाज वाटत असेल तर कारखानदार पिंपं विकत घेईल, आणि ती त्याची खुशी.

'स्कॉचयुक्त' या प्रकाराचं मात्र लवकर बघा. लेबलवर ज्या घटकाची शेखी मिरवली आहे त्याचं टक्केवारीतलं प्रमाण दिलं पाहिजे, असा तुमच्या लेबलिंगच्या नियमांचा सर्वसाधारण दंडक आहे. त्यामुळेच काजूचं चित्र असलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर काजू किती टक्के ते वाचता येतं. व्हिस्कीच्या लेबलवर 'स्कॉच माल्टसह' लिहिणाऱ्याला तोच दंडक लावा. एक टक्का की पंधरा टक्के, आकडा द्या.

घाई यासाठी की माल वाढतोय. 2022 साली 21.9 कोटी बाटल्यांइतकी स्कॉच भारतात आली आणि बाटल्यांच्या हिशेबात आपण फ्रान्सला मागं टाकलं. त्यातला बराचसा माल घाऊक येतो आणि इथल्या टाक्यांत मिसळला जातो. 24 जुलै 2025 ला ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या; त्यानुसार 150 टक्क्यांचं आयात शुल्क आधी 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर यायचं आहे. स्कॉच स्वस्त झाली की तिचे चार थेंब घालून तिचं नाव लावणं आणखी स्वस्त होईल. आपल्याकडे 'स्कॉच' या नावाला भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे, त्यावर स्कॉटलंडचे वकील डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. 'व्हिस्की' या नावाला भारतात वाली नाही.

मळीच्या मद्यार्कावर माझा राग नाही, हे पुन्हा लिहितो, नाहीतर पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखानदार अंगावर येतील. मळी हा उसाचा उरलेला भाग. त्यातून मद्यार्क काढणं शहाणपणाचंच आहे. त्याची रम उत्तम होते, आणि रम म्हणून विकायला कोणाची हरकत नाही. उलट धान्याधारित आसवन्यांवर राज्यात बरीच वादळं झाली आहेत, माणसांच्या तोंडचं धान्य भट्टीत का, म्हणून. तो आक्षेप हलका नाही. मळीची दारू मुद्दाम पसंत करणारा ग्राहकही असू शकतो, याच कारणानं. त्यालाही लेबलच लागणार.

तर मागणी अशी. 'व्हिस्की' हे नाव धान्याच्या अर्कापुरतं राखून ठेवा, ही माझी पहिली पसंती. ते आज राजकीयदृष्ट्या झेपणार नसेल, तर नावाला हात लावू नका, पण नावाच्या लगेच खाली, निदान नावाच्या निम्म्या उंचीच्या अक्षरांत एक ओळ सक्तीची करा : मद्यार्क मळीचा, धान्याचा की मिश्र, माल्टचं प्रमाण किती टक्के, ओकमध्ये किती महिने. राज्यात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ही ओळ मराठीत असावी. मागच्या बाजूला, बारकोडच्या शेजारी, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत नको. ते आम्ही आरोग्याच्या इशाऱ्याचं झालेलं पाहिलं आहे.

जुनी लेबलं संपवायला उद्योगाला वर्षभराची मुदत द्या, त्यात अन्याय नाही. नियमाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी काढाल तेव्हा तो मराठीतही काढा. आणि दिल्लीत बैठक ठेवाल तर उत्पादकांच्या संघटनांबरोबर ग्राहक संघटनांना आणि आसवन्यांतल्या एखाद-दुसऱ्या निवृत्त केमिस्टलाही बोलवा. ओंजळीत नाक घालून माल ओळखणारे अजून काही जण शिल्लक आहोत. तिकिटाचे पैसे आमचे आम्ही काढू.

कळावे,

आपला,
नागपूरचा एक निवृत्त आसवनी केमिस्ट